साडेअकरा पौंडांचा हिशेब

दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला व्यासपीठावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्यांची नामावळी वाचली जाते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. श्रोते कौतुकाने ऐकतात, विद्यार्थी पाठ करतात. या पदव्यांना पैसा कोठून आला, तो कोणत्या साली पुरला आणि कोणत्या साली संपला, हा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला तो मांडावासा वाटतो. बीड जिल्ह्यातून आज फार्मसी, नर्सिंग, अभियांत्रिकी वा विधी या अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलामुलींची खरी अडचण कोठे आहे, हे त्या हिशेबात फार स्वच्छ दिसते.

आरंभ वडिलांपासूनच केला पाहिजे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले. उत्पन्न म्हणजे पेन्शन, आणि परळच्या चाळीत एका खोलीचा संसार. मुलाने पुस्तक मागितले की रामजी ते आणून देत. जवळ पैसे नसले तर विवाहित मुलींकडे जात, त्यांच्या अंगावरचा एखादा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करीत. शाळेची फी हा त्या घरातला उघड खर्च होता. हा दुसरा, न दिसणारा खर्च बहिणींच्या दागिन्यांवर भागत होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराला कृष्णाजी अर्जुन केळुसकर उपस्थित होते. पुढे इंटरनंतर रामजींची ओढाताण हाताबाहेर गेली, तेव्हा केळुसकरांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि बडोदे संस्थानाची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्रा. मुल्लर पुस्तके आणि कपडे देत. शिष्यवृत्तीच्या कागदावर कपड्यांची बाब कधी नसते, पण कपड्यांवाचून कॉलेजात जाता येत नाही. ती बाब तेथे एका प्राध्यापकाने भरून काढली.

बी.ए. झाल्यावर, १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. घरातला कर्ता गेला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सयाजीरावांनी अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मंजूर केली. रक्कम होती दरमहा साडेअकरा पौंड. मुदत तीन वर्षे. मोबदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये हा भाव स्थिर होता. म्हणजे महिन्याला १७२ रुपये ८ आणे. मुंबईतल्या कारकुनाच्या दृष्टीने ही रक्कम थोर होती. न्यूयॉर्कमध्ये तिचे ५६ डॉलर होत.

या ५६ डॉलरांतून खोली, जेवण, कपडे आणि पुस्तके असा सारा खर्च भागवायचा होता. शिवाय मुंबईला रमाबाईंना घरखर्चासाठी पैसे पाठवायचे होते. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. शिष्यवृत्ती ठरवणारा माणूस विद्यार्थी एकटा आहे असे धरून चालतो. गरीब घरचा विद्यार्थी एकटा कधीच नसतो. त्याचे शिकणे म्हणजे घरातला एक कमावता हात कमी होणे. त्या हाताची मजुरी घर सोसत असते, किंवा विद्यार्थ्यालाच आपल्या घासातून भरून द्यावी लागते. कोलंबिया विद्यापीठातल्या त्या विद्यार्थ्याने ती घासातूनच भरून दिली. जेवणात काटकसर केली, करमणूक वर्ज्य केली, आणि जे उरले त्याची जुन्या दुकानांतून पुस्तके घेतली. १९१५ मध्ये प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधाने एम.ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात जातिसंस्थेवरील निबंध वाचला गेला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवरील प्रबंधही विद्यापीठाला सादर झाला. तीन वर्षांत एका माणसाने एवढे काम उरकले, त्यामागे बुद्धी तर होतीच. मुदत संपण्याची भीतीही होती.

१९१६ च्या शरद ऋतूत ते लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी दाखल झाले. एक अर्थशास्त्राचे अध्ययन, दुसरा बॅरिस्टरीचा व्यावसायिक अभ्यासक्रम. बडोद्याने मुदत वर्षभर वाढवली होती. १९१७ मध्ये ती संपली आणि दोन्ही शिक्षणे अर्धवट टाकून परतावे लागले. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली, एवढाच दिलासा. युद्ध चालू होते. ग्रंथसंग्रह ज्या बोटीने पाठवला होता ती टॉर्पेडोला बळी पडून बुडाली. त्या सामानाच्या भरपाईपोटी ठॉमस कुक कंपनीने दिलेल्या सहाशे रुपयांतून घरखर्चाची आणि बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली. करार पाळायला जाण्याचे भाडेदेखील बुडालेल्या पुस्तकांच्या किमतीतून निघाले.

बडोद्यात पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. कचेरीत शिपाई लांबून फायली टाकीत, गावात राहायला जागा मिळेना, पारशी विश्रामगृहातून हुसकून लावण्यात आले. अकरा-बारा दिवसांत तो उच्चविद्याविभूषित अधिकारी मुंबईला परतला. कराराचा भंग झाला आणि शिष्यवृत्तीच्या रकमेची परतफेड हा विषय पुढे संस्थानच्या दप्तरात अनेक वर्षे रेंगाळत राहिला. आमच्या जिल्ह्यातील वाचकाला हा करार अनोळखी वाटू नये. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामभर कोयत्यावर ती फेडते. काम पुरे झाले नाही तर उचल अंगावर बसते. सयाजीरावांची तुलना मुकादमाशी करण्याचा प्रमाद मी करणार नाही; त्यांचे औदार्य निर्विवाद होते. पण भविष्यातले श्रम आज गहाण ठेवून पैसा उभा करणे, हे गरिबाचे अर्थशास्त्र राजाच्या दारीही तेच राहते. ज्या समाजात ते श्रम करू दिले जाणार होते, त्या समाजाची तपासणी करारात कोणीच केली नव्हती.

मुंबईत शिकवण्या झाल्या, शेअर बाजाराविषयी सल्ला देणारा छोटा व्यवसाय झाला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. वेतन ४५० रुपये. आता संसाराला बरे दिवस आले, असे कोणीही म्हटले असते. पण ४५० रुपये मिळवणाऱ्या त्या प्राध्यापकाने राहणी चाळीतलीच ठेवली, रमाबाईंच्या हाती खर्चासाठी ठरावीक रक्कम दिली आणि उरलेला प्रत्येक रुपया लंडनसाठी बाजूला टाकला. रमाबाईंनी त्या ठरावीक रकमेत संसार कसा चालवला, याची नोंद कोणत्याही विद्यापीठाने ठेवलेली नाही. डी.एस्सी.च्या प्रबंधाला अर्थसाहाय्य करणाऱ्यांची यादी करायची झाली तर त्यांचे नाव आरंभी घालावे लागेल.

मार्च १९२० मध्ये नोकरीचा राजीनामा दिला. साठवलेला पैसा पुरेसा नव्हता. छत्रपती शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले; न्यूयॉर्कच्या दिवसांतले पारशी स्नेही नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. आणि येथे एक विलक्षण योगायोग घडला, जो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर चढला होता. दहा रुपयांच्या आत एक पौंड मिळत होता. वर्ष-सव्वा वर्षात तो सोळा पेन्सांच्याही खाली आला; त्याच पौंडाला पंधराहून अधिक रुपये मोजावे लागू लागले. हिंदुस्थानातून रुपयांत मदत मागवणाऱ्या विद्यार्थ्याच्या ताटातला तिसरा हिस्सा एका विनिमयदराने उचलून नेला. आणि तो विद्यार्थी लंडनमध्ये बसून ज्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होता, तो प्रश्न नेमका रुपयाचा होता. चलनाची खरी कसोटी त्याची क्रयशक्ती स्थिर राहणे ही होय, हा त्या प्रबंधाचा गाभा. तो सिद्धान्त ग्रंथालयात सिद्ध झाला हे खरे. पण संध्याकाळच्या जेवणाच्या वेळीही त्याचा पडताळा येत असला पाहिजे.

त्या काळातली दिनचर्या अनेक चरित्रकारांनी वर्णिली आहे. घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा आणि चहा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, दुपारचे जेवण बहुधा चुकवलेले, रात्री पुन्हा वाचन आणि भुकेला मित्राने दिलेले पापड. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरात सादर झाला, परंतु परीक्षकांनी काही भाग पुन्हा लिहून मागितला. लंडनमध्ये राहून तो लिहायला पैसा उरला नव्हता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, येथे बसून फेरलेखन केले, ते पाठवले आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. दुसऱ्यांदा पैशाने शिक्षण मध्येच अडवले. या वेळी ते पार पडले इतकेच.

बॅरिस्टर झालेला हा माणूस मुंबईला उतरला तेव्हा उच्च न्यायालयात वकिली करण्यासाठी लागणारी सनद घ्यायला त्याच्याजवळ पैसे नव्हते. पुन्हा भथेना धावून आले. व्यावसायिक शिक्षणाचे हे वैशिष्ट्य आहे आणि आपल्या योजनाकारांच्या ते अजून नीटसे ध्यानात आलेले नाही. कला शाखेचा पदवीधर पदवी घेऊन दुसऱ्या दिवशी अर्ज करू शकतो. वकील, औषधनिर्माता, परिचारिका वा वैद्य यांना पदवीनंतरही परिषदेची नोंदणी, तिचे शुल्क आणि काम मिळेपर्यंतचे रिकामे महिने पार करावे लागतात. बाबासाहेबांच्या बाबतीत हे रिकामे महिने लांबले, कारण अस्पृश्य बॅरिस्टरला खटले देणारे सॉलिसिटर मुंबईत दुर्मीळ होते. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्र प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांचा डॉक्टर, घरखर्च चालावा म्हणून, हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या तरुणांना शिकवत होता.

स्वतः इतके सोसलेला माणूस एरवी एका निष्कर्षाला येतो : मी सोसले, इतरांनीही सोसावे. शिक्षकांच्या खोलीत हा सूर आपण रोज ऐकतो. बाबासाहेबांनी उलट दिशेने काम केले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिच्या पहिल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते. स्टार्टे समितीचे ते सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढवण्याची मागणी तर आहेच. शिवाय गिरण्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत धंदेशिक्षण घेणाऱ्या दलित विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आणि परदेशी अभियांत्रिकी शिकायला जाणाऱ्यासाठी तरतूद सुचवलेली आहे.

१९४२ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि २९ ऑक्टोबरला त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना एक सविस्तर निवेदन दिले. त्यातला शिक्षणावरचा भाग प्रत्येक समाजकल्याण अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. युक्तिवाद थोडक्यात असा : कला आणि कायद्याचे शिक्षण तुलनेने स्वस्त, ते कसेबसे मिळवता येते, विज्ञान व तंत्रशिक्षण महाग, आणि पुढच्या काळात सत्ता व रोजगार त्याच्याच हाती. म्हणून देशात विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या दलित विद्यार्थ्यांसाठी वर्षाला दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये द्यावेत. बनारस व अलीगढ या विद्यापीठांना सरकार प्रत्येकी तीन लाख देत असेल तर ही मागणी अवाजवी कशी, असा त्यांचा सवाल होता. सरकारने तीन लाख मंजूर केले. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. साडेअकरा पौंडांवर दिवस काढणाऱ्या विद्यार्थ्याने लावलेले हे झाड आहे, याची जाणीव ठेवून त्याच्याकडे पाहिले पाहिजे.

या झाडाला खतपाणी किती मिळाले? २०१० मध्ये पहिल्या गटातील, म्हणजे वैद्यकीय, अभियांत्रिकी आदी अभ्यासक्रमांच्या वसतिगृहनिवासी विद्यार्थ्याचा निर्वाहभत्ता महिन्याला १,२०० रुपये करण्यात आला. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर वर्षाचे १२,००० रुपये. २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी तो वर्षाला १३,५०० रुपये केला. अकरा वर्षांत वाढ साडेबारा टक्के. त्याच काळात किरकोळ बाजारातले भाव जवळजवळ दुप्पट झाले. या पानाचे बरेच वाचक शिक्षक व कर्मचारी आहेत. त्यांचा महागाईभत्ता जानेवारी आणि जुलै या महिन्यांपासून निर्देशांकाप्रमाणे वाढतो, आणि आदेशाला दोन महिने विलंब झाला की संघटनांचे मोर्चे निघतात. तोच बाजार, तीच ज्वारी, तेच तेल. वसतिगृहातल्या मुलाला मात्र अकरा वर्षे निर्देशांक लागू होत नाही. रुपयाची क्रयशक्ती हा विषय ज्याने आयुष्याच्या उमेदीत अभ्यासला, त्याच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणव्यवस्थेत ही गोष्ट अधिकच खटकते.

राज्य शासनाने काही भर घातली आहे, हे मान्य केले पाहिजे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून आलेल्या स्वाधार योजनेत भोजन, निवास व निर्वाह मिळून पुण्या-मुंबईसाठी ६०,०००, इतर महापालिका शहरांसाठी ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे दर ठरले. शिवाय वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५,००० आणि इतरांना २,००० रुपये. विचार योग्य आहे : व्यावसायिक शिक्षणाचा खर्च वेगळा, म्हणून रक्कम वेगळी. परंतु नर्सिंगची वा फार्मसीची विद्यार्थिनी 'इतरांत' का, हे कळत नाही. गणवेश, एप्रन, उपकरणे, प्रात्यक्षिकांच्या वह्या, रुग्णालयात प्रशिक्षणासाठी जाण्यायेण्याचे भाडे ही यादी तिचीही आहे. इतर प्रवर्गांसाठीही डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाहभत्त्यासारख्या योजना निघाल्या, त्यांचे स्वागतच आहे.

खरे दुखणे वेळापत्रकाचे आहे. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या ऊसतोड कुटुंबाचे अर्थकारण ज्याला ठाऊक आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. प्रवेश पावसाळ्यात होतात. त्या वेळी घरात मागच्या हंगामाचे काही उरलेले नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन आईबाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर जातात, ते वसंत ऋतूतच परततात. मधल्या काळात मुलाला छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला खोलीचे डिपॉझिट आणि मेसचे आगाऊ पैसे द्यायचे असतात. भत्ता मात्र अर्ज, पडताळणी, त्रुटी, पुन्हा पडताळणी असा प्रवास करीत बऱ्याचदा वर्ष संपता संपता, कधी ते संपल्यावर खात्यावर जमा होतो. तोपर्यंत मेसचे पैसे मुकादमाच्या वाढीव उचलीतून भागलेले असतात. म्हणजे शासनाची मदत विद्यार्थ्याला मिळते, पण आईबापांच्या कोयत्यावर एक हंगाम चढल्यानंतर मिळते. उशिरा आलेला पैसा आणि वेळेवर आलेला पैसा यांत व्याजाचा फरक असतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. येथे तो फरक पहिल्या सत्रात गाव गाठणाऱ्या मुलामुलींच्या संख्येत मोजावा लागेल.

उपाय फार मोठ्या खर्चाचे नाहीत. प्रवेश निश्चित झाला त्याच आठवड्यात भत्त्याचा पहिला हप्ता द्यावा. कागदपत्रांतील त्रुटी दुसऱ्या हप्त्यापूर्वी दुरुस्त करून घ्याव्यात. भत्त्याची सांगड महागाईभत्त्याच्याच निर्देशांकाशी घालावी. साहित्याची रक्कम अभ्यासक्रमाच्या नावावरून न ठरवता त्या अभ्यासक्रमाला लागणाऱ्या साधनांवरून ठरवावी. आणि अखेरच्या वर्षी नोंदणीशुल्क व पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या निर्वाहासाठी एक रक्कम राखून ठेवावी. प्रत्येक पदवीधराला नवल भथेना भेटत नसतो.

जून १९५० मध्ये बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणासाठी बहुतेकांना हैदराबादचीच वाट धरावी लागे. बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली, दिल्लीतील राज्यघटनेचे काम नुकतेच हातावेगळे झालेले. तरीही ते इमारतीच्या आराखड्यांत लक्ष घालीत, झाडे कोठे लावायची ते सांगत. त्या परिसरात वर्गखोल्यांच्या बरोबरीने वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून, बीडहून, अंबाजोगाईहून आलेला मुलगा पहिल्या रात्री झोपणार कोठे आणि जेवणार काय, हा प्रश्न त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.